गरजेची तारीख

हिंगणघाटपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, वणा नदीच्या काठाला एका गावात दोन भाऊ राहत होते. बापाच्या बारा एकरांची वाटणी झाली तेव्हा दोघांच्या वाट्याला सहा-सहा एकर काळी जमीन आली. अंगण एक, चुली दोन. पीक दोघांचं एकच, कापूस, आणि अधेमधे तुरीचे तास. पाऊस दोघांवर सारखा पडे, बोंडअळी दोघांच्या पऱ्हाटीवर सारखी येई आणि बाजार दोघांना एकच भाव देई. तरी दीड वर्षाच्या आत एकाचं घर सावरलं आणि दुसरा उधारीत बुडाला. हे कशामुळे झालं, त्याची ही गोष्ट.

२०२१-२२ चा हंगाम कापूस उत्पादकांच्या बऱ्याच वर्षं लक्षात राहील. लांब धाग्याच्या कापसाला सरकारचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये. बाजारात मात्र जानेवारी २०२२ मध्ये भाव दहा हजारांपर्यंत चढला. दोघा भावांनी कापूस विकला आणि चुकारा हाती आला तेव्हा बऱ्याच वर्षांनी दोन्ही घरांत देणी भागवूनही पैसा उरला.

थोरल्याची बायको हिंगणघाटच्या एका जिनिंगमधल्या मुनीमजींची मुलगी. लहानपणी ती बापाचा डबा घेऊन जिनिंगवर जायची आणि तिथेच बसून राहायची. मुंबईहून फोन आला की मुनीमजी रुईचा भाव वहीत टिपत, सरकीचा भाव त्याच्या खाली लिहीत, आणि मग हिशेब मांडत: एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघणार, बाकी बहुतेक सरकी; रुई एवढ्याला गेली, सरकी तेवढ्याला गेली, तर कापूस कितीला घ्यायचा? बाहेर बंडी उभी करून वाट पाहणाऱ्या कास्तकाराला तो आकडा कळेपर्यंत वहीतल्या आकड्याची शाई वाळलेली असे. हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

चुकारा आला त्या रात्री तिनं कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारखा लिहिल्या. मार्चअखेर पीककर्ज. मृगाच्या आधी बियाणं आणि खत. जूनमध्ये पोराच्या शाळेची फी. तीन वर्षांनी विहिरीचं बांधकाम. बारा-पंधरा वर्षांनी म्हातारपण. प्रत्येक तारखेपुढे रक्कम मांडली. वर्षाच्या आत लागणारा पैसा बँकेच्या खात्यात राहिला. विहिरीचा पैसा पोस्टाच्या मुदत ठेवीत गेला. म्हातारपणासाठी दरमहा दोन हजारांची एसआयपी सुरू झाली, शेअर बाजाराच्या निर्देशांकात गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात.

धाकट्याची पोरगी त्या वर्षी बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि फीचे पैसे चार-सहा महिन्यांत लागणार होते. धाकट्यानं ते दीड लाख मोबाइलवरच्या ॲपमधून शेअर बाजारात टाकले. जानेवारीच्या मध्यात सेन्सेक्स ६१ हजारांवर होता आणि पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता.

२४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्या एका दिवसात सेन्सेक्स २,७०० अंकांनी कोसळला. ७ मार्चला तो ५३ हजारांच्याही खाली गेला. कच्चं तेल पेटलं, युक्रेनचं सूर्यफूल तेल अडकलं, आणि पुढे एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केल्यावर खाद्यतेलाचं सगळं गणितच विस्कटलं. धाकट्याला रात्रीची झोप लागेना. पोरीच्या फीचे पैसे डोळ्यांदेखत आटत होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच त्यानं होतं नव्हतं ते विकून टाकलं. वीस हजारांच्या आसपास तोटा झाला.

थोरल्याच्या एसआयपीचा आकडाही खाली गेला होताच. पण तो पैसा बारा वर्षांनी लागायचा होता, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. हप्ता ठरल्या तारखेला जात राहिला. नोव्हेंबरअखेर सेन्सेक्स ६३ हजारांवर गेला.

धाकट्यानं तो आकडा टीव्हीवर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "थांबलो असतो तं पैसे वाढले असते," तो बायकोला म्हणाला. "आता अशी घाई करायची नाई. आता थांबाचं."

आणि इथेच त्याचा घात झाला. तोटा का झाला, याचं चुकीचं उत्तर त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

कारण नोव्हेंबरात नवा कापूस घरात आला होता. २०२२ चा पावसाळा वर्धा जिल्ह्याला फार जड गेला होता. अतिवृष्टीनं नदीकाठची शेतं खरवडून नेली होती, झाडांवर बोंडं कमी होती. तिकडे पाकिस्तानात महापुरानं कापूस झोपवला होता. अमेरिकेच्या टेक्सासमध्ये दुष्काळानं उभं पीक सोडून द्यावं लागलं होतं. प्रत्येक बातमी एकच सांगत होती: जगात कापूस कमी आहे. मागच्या हंगामात शेवटी शेवटी बारा हजारांनी कापूस गेला होता, ही आठवण गावात ताजी होती. बाजारात भाव साडेआठ ते नऊ हजार होता आणि गावात जो तो म्हणत होता, बारा हजारांच्या आत कापूस काढायचा नाही.

थोरल्याच्या बायकोनं, म्हणजे धाकट्याच्या वहिनीनं, पुन्हा कॅलेंडरचं पान उलटं केलं. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपयांच्या घरात होती, ती बायांच्या हातात त्याच आठवड्यात पडायला हवी होती. कृषी केंद्राची उधारी होती. चाळीस क्विंटलपैकी पंधरा क्विंटल नोव्हेंबरात ८,८०० नं गेले. पंधरा क्विंटल जानेवारीत ८,२०० नं गेले, पीककर्जाची सोय झाली. उरलेले दहा क्विंटल तिनं ठेवले.

"भाव वाढला तं या दहात मिळन," ती नवऱ्याला म्हणाली. "नाई वाढला तं घर काही थांबणार नाई."

धाकट्यानं सगळाच्या सगळा चाळीस क्विंटल घरात भरला. मजुरीसाठी गावातल्याच एकाकडून व्याजानं पैसे काढले. पुढच्या खोलीत कापूस छताला टेकला. दार अर्धंच उघडायचं. माणसं अंगणात झोपू लागली. विडीकाडीची ठिणगी उडेल म्हणून घरात पाहुणा आला तरी जीव धास्तावायचा. होळीच्या सुमारास उन्हं तापली आणि साठवलेल्या कापसात किडे झाले. पोरांच्या हातापायांना खाज सुटली, अंगावर चट्टे उठले. धाकट्याची बायको रोज खोबरेल तेल चोळायची आणि रोज विचारायची, "कधी इकता?" तो मोबाइलवर भाव पाहायचा आणि म्हणायचा, "थोडं थांब."

मार्चमध्ये भाव आठ हजारांच्या खाली आला. वहिनीनं तेव्हा आपले दहा क्विंटल ७,८०० नं मोकळे केले. धाकट्याला नऊ हजारांचा कापूस आठ हजारांनी विकवत नव्हता. मेमध्ये तो साडेसात हजारांनी विकवेना. मग रोहिणी नक्षत्र लागलं. बियाणं आणायला पैसा नव्हता, व्याज चढलं होतं, पोरीच्या दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं गाडी भरली. भाव मिळाला सात हजार. वाळून वजन घटलं होतं, काट्यावर अडतीस क्विंटलच भरले. थोरल्याच्या घरी त्याच हंगामाचे तीन लाख तेहतीस हजार आले होते. धाकट्याच्या हाती दोन लाख सहासष्ट हजार पडले, आणि त्यातून व्याज वेगळं.

त्या संध्याकाळी तो अंगणात आला. वहिनी तुरीची डाळ पाखडत होती.

"वहिनी, मले एक सांगा," तो म्हणाला. "टेक्सासचा दुष्काळ खरा होता. पाकिस्तानचा पूर खरा होता. आपलं बी पीक बुडालं होतं. बातमी एक बी खोटी नव्हती. मंग भाव काऊन पडला?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "बसा भाऊजी. बातम्या खऱ्याच होत्या. पण त्या आपल्याले उशिरा कळल्या. टेक्सासचं पीक गेलं हे न्यूयॉर्कच्या बाजाराले ऑगस्टातच समजलं होतं, तेव्हाच तिथं भाव उसळला. आपल्या गावात दिवाळीनंतर त्याची चर्चा झाली. तवर तिथला भाव बराच खाली आला होता."

"पण कापूस तं कमीच होता ना?"

"कापूस कमी होता, तसं गिऱ्हाईक बी कमी झालं. महागाई वाढली म्हणून अमेरिकेच्या मोठ्या बँकेनं व्याज वाढवलं. मार्चात शून्याच्या जवळ होतं, डिसेंबरात सव्वाचारच्या वर गेलं. लोकांनी कपडे घेणं कमी केलं. दुकानांत आधीचाच माल पडून होता. मंग सूत कोण घेणार? सूतगिरणीनं चाती बंद ठेवली तं रुई कोण घेणार? आपण एक बाजू ऐकली भाऊजी, पिकाची. मागणीची बाजू पानठेल्यावर कोणी बोललंच नाई."

धाकटा गप्प बसला. मग म्हणाला, "शेअरमध्ये घाई केली, बुडालो. कापसात थांबलो, तरी बुडालो. मंग मानसानं करावं तरी काय?"

वहिनीनं त्याला बापाकडून ऐकलेली हकीगत सांगितली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. सगळ्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, तो याच धामधुमीत. रेल्वे तेव्हा इथवर आलेली नव्हती. ती नागपूरला पोचली १८६७ साली. तरी हिंगणघाटच्या कापसाचं नाव सातासमुद्रापार इंग्लंडच्या बाजारात घेतलं जात होतं. मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला. कापसाचा पैसा शेअरांत वळला, रोज नवी बँक आणि नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. लोक उधार काढून शेअर घेत आणि १ जुलै १८६५ ला पैसे देण्याचा वायदा करत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. माणसं मरायची थांबली, गुलामगिरी मोडली. जगासाठी याहून चांगली बातमी नव्हती. पण त्या बातमीनं कापसाचा भाव खाली बसला, आणि १ जुलै उजाडला तेव्हा वायदे पुरे करायला कुणाकडे पैसा नव्हता. ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही त्या पडझडीत सापडला. जुनी बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली.

"बाबा म्हणत," वहिनी सांगत होती, "त्या लोकांले बातमीनं नाई बुडवलं. युद्ध कधी ना कधी संपणारच होतं, ते सगळ्यांले माहीत होतं. त्यांले बुडवलं १ जुलैनं. पैसे देण्याची तारीख पक्की होती, आणि पैसा अशा जागी होता जिथं त्या तारखेले किती मिळन, हे कोणाच्या हातात नव्हतं."

धाकट्यानं मान वर केली.

"तुमच्या पोरीची फी जूनात होती," ती म्हणाली. "तो पैसा शेअरमध्ये जायलाच नको होता. युद्ध झालं नसतं तरी नको होता. आणि बियाण्याची तारीख मृगाची होती. तो कापूस जूनपर्यंत थांबवणं म्हणजे त्याच तारखेले बाजारापुढं हात जोडून उभं राहणं. घाई वाईट नाई, थांबणं बी वाईट नाई. पैसा कधी लागते ते आधी पाहा. जवळ लागत असन तं भावाची हाव सोडा. दूर लागत असन तं पडझडीचं भेव सोडा."

"मंग बातम्या ऐकाच्याच नाई?"

"ऐकाच्या ना! मी रोज ऐकते. पण त्या पुढच्या पेरणीसाठी. खायच्या तेलावरची आयात ड्युटी कमी झाली तं सोयाबीनचं काय होईन, हमीभाव कितीनं वाढला, तुरीले मागणी कशी हाय, हे ऐकून कोणत्या धुऱ्यात काय पेराचं ते ठरवाचं. सगळं रान एकाच पिकाखाली घालाचं नाई, अन सगळा पैसा बी एकाच ठिकाणी ठेवाचा नाई, हे बातमी ऐकूनच समजते. पण आज रातच्या बातमीवर उद्या सकाळी घर इकाले काढाचं नाई."

त्या रात्री धाकट्याच्या घरातही कॅलेंडरचं पान उलटं झालं. उधारी फेडायला त्याला दोन हंगाम लागले. पोरीची पुढच्या वर्षाची फी तो कापूस विकला की लगेच बँकेत बाजूला काढू लागला. वेचणीच्या मजुरीचा पैसा वेगळा ठेवू लागला. आणि म्हातारपणासाठी त्यानं हजार रुपयांची एसआयपी सुरू केली, लहान, पण न मोडायची.

कसोटी आली २०२५ मध्ये. २ एप्रिलला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जगभरच्या मालावर नवे आयात कर जाहीर केले. ७ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात २,२०० हून अधिक अंकांनी पडला. त्याच महिन्यात सोनं तोळ्याला लाखावर गेलं. मोबाइलवर निरोपांचा पूर आला: सगळं काढा, सोनं घ्या. धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "काढाचं का?" त्यानं भिंतीवरचं पान पाहिलं. पोरीच्या शेवटच्या वर्षाची फी बँकेत होती. एसआयपीचा पैसा अजून दहा वर्षं लागणार नव्हता. "त्याले हात लावाचा नाई," तो म्हणाला आणि मशागतीला निघून गेला.

ऑगस्टात त्याहून मोठा घाव कापसावर आला. १९ ऑगस्टला सरकारनं कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला आणि पुढे ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेत भारताच्या मालावर पन्नास टक्के कर लागू झाला, त्यात कापड आणि तयार कपडेही आले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि खुला बाजार त्याच्या बराच खाली. दिवाळी तोंडावर आली, मजुरीला पैसा नव्हता, म्हणून गावातल्या कितीतरी जणांनी दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला पडेल त्या भावानं कापूस दिला.

धाकट्याकडे मजुरीचा पैसा बाजूला होता. त्यानं हमीभावाच्या सरकारी खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केली, सातबारा जोडला. ही खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, बारा टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही, म्हणून त्यानं अंगणात ताडपत्री टाकून कापूस रोज उन्हात घातला, संध्याकाळी झाकला, मुठीत दाबून पाहिला. नंबर लागला त्या दिवशी गाडी घेऊन गेला आणि हमीभावाच्या हिशेबानं त्याचा चुकारा थेट बँकेत जमा झाला. या वेळी थांबणं फळलं, कारण या वेळी थांबण्याची ऐपत त्यानं आधीच उभी करून ठेवली होती.

थोरल्यानं मात्र चाळीसपैकी दहा क्विंटल दिवाळीआधी कमी भावानं विकले, कारण त्याच्या पोराच्या दवाखान्याचा खर्च अचानक निघाला होता. त्याबद्दल वहिनीच्या चेहऱ्यावर जरासुद्धा खंत नव्हती. ज्या दिवशी पैसा लागला त्या दिवशी तो मिळाला, आणि उरलेले तीस क्विंटल घाईनं काढावे लागले नाहीत.

न्यूयॉर्कचा भाव, वॉशिंग्टनचा कर, मॉस्कोचं युद्ध, दिल्लीचा आयात निर्णय, यांतलं काहीही वणेच्या काठावरच्या माणसाच्या हातात नाही, आणि ती बातमी त्याच्यापर्यंत येईतो भावात मुरलेलीही असते. आपल्याला पैसा कधी आणि किती लागणार, हे मात्र त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. कास्तकार असो, मास्तर असो की शहरातला नोकरदार, गुंतवणुकीचं पहिलं पान तिथूनच लिहायला हवं.

तात्पर्य: बातमी ऐकून पेरणी ठरवावी, गरजेची तारीख पाहून विक्री ठरवावी. जो जवळच्या गरजेचा पैसा बाजाराच्या लहरीवर सोडत नाही, त्याला दूरच्या पैशासाठी बाजाराच्या लहरीला भ्यावं लागत नाही.